अर्धं हिरवं दार

“हात वर करू नका,” एवढंच मला त्या माणसांना सांगायचं होतं, आणि नेमकं तेच सांगायला मला बंदी होती.

धुकं अजून उसाच्या शेंड्यांवरून उठलं नव्हतं. नव्या धोंडेवळच्या शाळेपुढं आमच्या स्टुडिओची बस उभी होती आणि माझा वर्गमित्र मगदूम, जो त्या शाळेत मास्तर होता, एकेकाला दंडाला धरून वर चढवत होता. माणसं लग्नाला निघाल्यासारखी नटून आली होती. पुरुषांच्या टोप्या कडक, बायकांच्या अंबाड्यात अबोली. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी चढली. अख्खी बस सोडून ती माझ्याच शेजारी येऊन बसली, आणि पदर सारखा करत तिनं विचारलं, “पिक्चर कशावर हाय?”

“ते सांगता येत नाही, आजी.”

“का? तुला ठावं न्हाई?”

“ठाऊक आहे. पण आधी सांगायचं नाही, असा नियम आहे.”

“बरा हाय की नियम. पोरगी दाखवायची आणि नाव सांगायचं न्हाई.” तिनं कनवटीची चंची काढली. “आणि आजी नगं म्हणूस. गोदाक्का म्हण. आजी म्हणणारी घरात हायत तेवढी बास झाली.”

बस हलली. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना एकेक नारळ बोलत होतो.

मी तेव्हा कोल्हापूरच्या पाकोळी स्टुडिओत कामाला होतो. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगायला हवं, की हातानं काढलेल्या चित्रांचे चित्रपट करणारा एवढा मोठा स्टुडिओ आपल्याकडं दुसरा नव्हता. काचेची टेबलं, काचेखाली दिवा, दिव्यावर कागद, कागदावर कागद. उंदरानं एकदा शेपूट हलवायची तर बारा कागद लागायचे. वर्षानुवर्षं माणसं मान मोडून बसायची आणि शेवटी पोरं दीड तासात ते पाहून घरी जायची. मालक होते बापूसाहेब इंगवले. उंच, शिडशिडीत, पांढऱ्या मिशीचे, आणि एका बाबतीत पक्के हट्टी.

पाकोळीतून चित्रपट पुष्कळ निघाले. पण त्यांतला ‘स्वतंत्र’ कुठला म्हणायचा, यावर बापूसाहेब जेवढे अडून बसत तेवढे स्वतःच्या मुलीच्या लग्नातही अडले नव्हते. पुराणातली गोष्ट असली तर तो स्वतंत्र नाही. पुस्तकावरून घेतली असली तर नाही. आमचा एक उंदीर फार चालला, म्हणून त्याचा दुसरा भाग निघाला, तिसरा निघाला. ते दोन्ही नाहीत. टीव्हीवाल्यांसाठी केलेलं तर बोलायलाच नको. गोष्ट याच छपराखाली जन्मलेली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आणि ती तशी आहे की नाही हे ठरवायचं कुणी, तर अनोळखी माणसांनी.

चित्रपट पुरा झाला की कुठल्या तरी लांबच्या गावाहून बसभर माणसं आणायची. त्यांना आधी काही सांगायचं नाही. चित्रपट संपून दिवे लागले की बापूसाहेब पुढं येऊन एकच प्रश्न विचारत: “यातलं काही याआधी कुठं पाहिलंय? ऐकलंय? असेल त्यानं हात वर करावा.” एक जरी हात वर झाला तरी संपलं. जेवण त्यानंतर. पोटात तांबडा-पांढरा रस्सा गेल्यावर माणूस खरं बोलत नाही, असं बापूसाहेबांचं मत होतं.

हात वर झाला नाही तर जिन्याच्या भिंतीवर नंबर पडायचा. ठळक निळ्या रंगात आकडा, खाली चित्रपटाचं नाव, आणि त्याखाली ज्याच्या डोक्यातून गोष्ट निघाली त्या एकट्याचं नाव. तसे सहा नंबर होते. त्या सहांत वेणूताईंचं नाव नव्हतं, आणि त्या सहाही चित्रपटांतलं पाणी वेणूताईंनी काढलेलं होतं.

नदी असो, विहीर असो, राजकन्येचे अश्रू असोत, कागद वेणूताईंच्याच टेबलावर यायचे. मी त्यांच्या हाताखाली होतो. त्या लाटेची सुरुवात काढायच्या आणि शेवट काढायच्या. मधली लाट मी भरायचो. “श्रीरंग, पाण्याला घाई नसते,” हे एक वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलं की पुढं माझ्या बायकोनंही ते माझ्यावरच वापरलं. पंचेचाळिशी ओलांडलेली ही बाई विचारात पडली की वेणीचं टोक तोंडात धरायची. सगळा स्टुडिओ त्यावरून चेष्टा करायचा. त्यांना पत्ताच नसायचा.

एकदा त्यांनी स्वतःची गोष्ट केली होती. ढगात चाक फिरवणाऱ्या कुंभाराची. सांगलीकडच्या एका शाळकरी मुलानं हात वर केला: अशी गोष्ट म्हणे त्यानं एका दिवाळी अंकात वाचली होती. अंक आणून पाहिला तर होती खरी. वेणूताईंनी तो अंक जन्मात पाहिला नव्हता, हे बापूसाहेबांनाही पटलं. पण हात तो हात. त्यानंतर कितीतरी दिवस वेणूताई जिना सोडून मागच्या गोदामातल्या शिडीनं वर यायच्या. पुढं पुष्कळ वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नद्या काढल्या आणि स्वतःबद्दल काही म्हटलं नाही.

मग एका दुपारी, डबा खाता खाता, त्या मला म्हणाल्या, “माझ्या एका स्वप्नाचा चित्रपट होईल का रे?”

“कुठल्या स्वप्नाचा?”

“लहानपणापासून एकच पडतं. मी पाण्याखाली चालतेय. पण भीती नाही. खाली ऊन आहे. हलणारं ऊन, विहिरीच्या भिंतीवर असतं ना, तसलं. एक गाव आहे. देवळापुढं दगडाचा हत्ती आहे, त्याला सोंड नाही. तिथून गल्ली खाली उतरते, उतरते, आणि एक दार येतं.”

“मग?”

“मग जाग येते.”

मी चपातीचा घास हातात धरून बसलो होतो. “दारापलीकडं काय आहे?”

“कधीच नाही कळलं,” त्या म्हणाल्या, आणि वेणी तोंडात गेली.

वेणूताईंना माणसं नव्हती. वडील गुळाच्या बाजारात हमाल होते, ते त्या लहान असतानाच गेले. आई त्याआधीच गेलेली. बाजारापाशी खानावळ चालवणाऱ्या भागीरथीमावशीनं त्यांना वाढवलं. आईचं नाव हौसा, आणि माणसं कुठली तरी वर घाटाकडली, याहून जास्त मावशीलाही ठाऊक नव्हतं. हे सगळं वेणूताई इतक्या सहज सांगायच्या की ऐकणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

स्वप्न बापूसाहेबांना सांगितलं गेलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, “करा.” वेणूताईंनी भिंतभर चित्रं लावली. लांब वेणीची एक लहान मुलगी होडीत झोपते आणि तळाशी जागी होते. खिडक्यांतून चिमण्यांसारखे मासे आत-बाहेर करतात. माणसं बोलतात ती नुसते बुडबुडे होऊन वर जातात. बापूसाहेब एकेक चित्र बघत शेवटी दारापाशी येऊन थांबले. दार खालून अर्ध्यापर्यंत हिरवं होतं. वर निळं.

“हे अर्धंच का रंगवलंय, वेणूबाई?”

“तसंच आहे ते.”

“पण कारण काय? बघणारा विचारणार. एक तर हिरवं करा, नाही तर निळं.”

“कारण मला ठाऊक नाही,” वेणूताई म्हणाल्या. “पण तसंच आहे ते.”

त्या बापूसाहेबांपुढं अशा कधी बोलत नसत. बापूसाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि दार तसंच राहिलं. चित्रपटाला नाव दिलं ‘पाण्याखालचं ऊन’.

तो करता करता तीन वर्षं गेली आणि त्या तीन वर्षांत स्टुडिओचं नशीब फिरलं. खालच्या मजल्यावर संगणक आले. बापूसाहेबांचे पुतणे जयसिंगराव कारभार बघू लागले, आणि त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं की हातानं काढलेला हा शेवटचा चित्रपट. यापुढं बाहेरून मागणी येईल तेवढंच करायचं. म्हणजे भिंतीवर आणखी नंबर पडायचा असेल तर तो हाच. वेणूताई यावर एवढंच म्हणाल्या, “माझ्या मागं कुणी नाही रे, श्रीरंग. कुठं तरी नाव असावं वाटतं.” हे त्या लाटेकडं बघत म्हणाल्या, माझ्याकडं नाही.

म्हणून प्रेक्षक आणायचं काम मी मागून घेतलं. सरळ सांगतो, मी डोकं चालवलं. पुस्तकं वाचणारं, टीव्ही बघणारं गाव मला नकोच होतं. शिरोळकडच्या काळ्या सपाटीत, उसाच्या मधोमध, मगदूमच्या शाळेचं गाव होतं. वीज आली तर आली. थेटर जवळपास नाही. म्हातारी माणसं जास्त. ज्यांनी काही पाहिलेलंच नाही ती हात कशाला वर करतील? स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की आदल्या दिवशी इस्माईलभाई पेंटरला निरोपही देऊन आलो: निळा रंग घेऊन जिन्यापाशी येऊन बसा.

बसमध्ये गोदाक्काचं बोलणं त्या दृष्टीनं फारच गोड वाटत होतं. “मी आयुष्यात एकच पिक्चर बघितलाय,” ती सांगत होती. “जत्रंत, तंबूत. मधीच वावटळ आली आन् तंबू उडाला. पुढं काय झालं आजून ठावं न्हाई.”

“वा,” मी म्हणालो.

“वा काय? त्या बाईला नवरा सापडला का न्हाई, ह्यो घोर मला किती वर्सं हुता.” तिनं तंबाखू मळली. “तसं हे आमचं गाव न्हवंच. आमचं गाव वर, घाटात. पाण्यात गेलं.”

आमच्या भागात हे नवीन नाही. धरण आलं की वरचं एखादं गाव बुडतं आणि खालच्या सपाटीत त्याच्या नावापुढं ‘नवं’ लावून दुसरं उभं राहतं. मी “असं का” म्हणालो आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. धुकं आता पांढरं-पिवळं झालं होतं. बस त्यातून इतकी हळू चालली होती की आपण चाललोय की तरंगतोय ते कळत नव्हतं. मागं कुणीतरी घोरत होतं. मला डुलकी लागली.

स्टुडिओत पोचलो तेव्हा इस्माईलभाई जिन्याच्या पायरीवर डबा-ब्रश घेऊन बसलेच होते. सहा आकड्यांपुढं त्यांनी सातव्यासाठी खडूनं रेघा मारून ठेवल्या होत्या. माणसं त्यांच्याकडं बघत वर गेली. वेणूताई नव्या इरकल साडीत दाराशी उभ्या होत्या. प्रत्येकाला नमस्कार करत होत्या आणि कुणाकडंच बघत नव्हत्या.

आमचं दाखवायचं दालन लहान होतं. खिडक्यांना काळे पडदे, मागच्या भिंतीला भोक, भोकातून येणारा उजेडाचा पट्टा. वेणूताई कधी बसत नसत. त्या मागं, त्या भोकाशेजारी उभ्या राहिल्या. मी त्यांच्याजवळ. दिवे गेले.

मी तो चित्रपट कागदावर शेकडो वेळा पाहिला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा सलग पाहत होतो. होडी हलली. मुलीचा हात पाण्यात लोंबकळला. मग पाणी बाजूला न होताच ती खाली होती, आणि ऊन तिच्या गालावरून चालत गेलं. वेणूताईंचं ते ऊन मी कसं सांगू? ते भिंतींवरून सरकायचं, कौलांवर थांबायचं, माणसांच्या तोंडावरून फिरायचं, आणि ज्याच्यावर पडेल ते क्षणभर झोपेतून जागं झाल्यासारखं दिसायचं. सगळ्या दालनात तोच निळा-हिरवा उजेड पसरला. समोरच्या रांगांतल्या टोप्या आणि अबोलीचे गजरे पाण्याखाली गेल्यासारखे दिसत होते.

माणसं गप्प होती. फारच गप्प. शेळी जिन्यावरून पोहत वर जाते तिथं हसू यायला हवं होतं. नाही आलं. वेणूताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी हातानं ‘असू दे’ म्हणालो.

पडद्यावर बिनसोंडेचा हत्ती आला. लांब वेणीची ती मुलगी त्याच्या पाठीवर चढून बसली आणि वेणीचं टोक चावू लागली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. कुणीतरी कुणाच्या तरी कानात बोललं. मला वाटलं, कंटाळले. आणि खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. कंटाळलेला माणूस हात वर करत नाही.

मुलगी गल्ली उतरत गेली. दार आलं. खालून हिरवं, वर निळं. तिनं कडीवर हात ठेवला, ऊन हातावर येऊन थांबलं, आणि चित्रपट संपला.

दिवे लागले. माणसं डोळे चोळत होती. बापूसाहेब काठी न टेकता पुढं गेले, पडद्यापुढं उभे राहिले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. “यातलं काही याआधी कुठं पाहिलंय? ऐकलंय? असेल त्यानं हात वर करावा.”

कुणी हललं नाही. बापूसाहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, एकदा, आणि पुन्हा एकदा. वेणूताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की त्यांच्या बोटांचे वळ मला घरी गेल्यावरही दिसत होते. झालं, मी मनात म्हणालो. जिंकलो. खाली इस्माईलभाईंना हाक मारायला मी वळलोसुद्धा.

“साहेब,” मागून आवाज आला, “कुठला हात?”

गोदाक्का होती.

“कुठलाही चालेल,” बापूसाहेब म्हणाले.

गोदाक्कानं उजव्या हातातली चंची डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. तिच्या शेजारच्या बाईनं केला. टोपी मांडीवर ठेवलेल्या म्हाताऱ्यानं केला. मग त्या दालनातले सगळे हात, कुणाचा थरथरता, कुणाचा बांगड्यांचा, एकामागून एक वर गेले आणि वरच राहिले. मी आयुष्यात इतका गार कधी पडलो नाही.

“काय पाहिलंय?” बापूसाहेबांचा आवाज उतरला होता. “कुठल्या पिक्चरात?”

“पिक्चर कुठला वं?” टोपीवाला म्हातारा म्हणाला. “हे धोंडेवळ हाय. आमचं जुनं.”

“ह्यो हत्ती माझ्या थोरल्या दिरानं फोडला,” एक बाई म्हणाली. “दगूड मारला आन् सोंड पडली. गुरवानं बदडला हुता त्येला.”

“आन् दार आमचं,” गोदाक्का म्हणाली. “मी नवी नवरी हुते. सासऱ्यानं माझ्यासाठनं दार रंगवाय काढलं. खालनं अर्धं हिरवं झालं, आन् सरकारी माणसं चावडीवर सांगून गेली की धरण हुणार, गाव उठणार. सासरा म्हणाला, बुडायच्या दाराला रंग कुणी लावायचा? ब्रश तसाच टाकला. त्यो परत काय हातात धरला न्हाई त्येनं.”

बापूसाहेब मघाशी दार होतं त्या रिकाम्या पडद्याकडं बघत होते.

जयसिंगराव दाराशी उभे होते. ते लगबगीनं पुढं आले. माणूस कोरडा होता, पण त्या वेळी ते चांगल्याच मनानं बोलले असं मी आजही म्हणेन. “काका, यात नियम मोडत नाही. यांनी गाव पाहिलंय. चित्रपट पाहिलेला नाही, गोष्ट ऐकलेली नाही. पाण्याखालची मुलगी, ते मासे, ते ऊन, हे कुणी पाहिलंय? ते तर वेणूताईंचंच आहे. नंबर द्यायला काही हरकत नाही.”

“खरं आहे ते,” मी मागून ओरडलो. मला कुणी विचारलं नव्हतं.

बापूसाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी मान वर करून आमच्याकडं, मागं पाहिलं. “वेणूबाई, हे मी ठरवू शकत नाही. तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल की हे मनानं रचलंय, तर इस्माईल आत्ता रंगवेल. या माणसांचे हात मी मोजणार नाही.”

सगळ्या माना मागं वळल्या. वेणूताईंनी माझं मनगट सोडलं. त्या रांगांच्या मधून पुढं गेल्या आणि गोदाक्कापाशी थांबल्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. वेणीचं टोक मात्र त्यांच्या तोंडाशी गेलेलं दिसलं.

गोदाक्का त्या वेणीकडं बघत राहिली.

“नाव काय गं तुजं?”

“वेणू.”

“हौसाची?”

वेणूताईंनी नुसती होकाराची मान हलवली. गोदाक्का उठायला गेली, पण तिला उठता येईना. तिनं बसल्या बसल्याच त्यांचा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत धरला. “हौसाच्या मागं तुजा बा रामा तुला घिऊन गेला त्यो परत काय आला न्हाई. हौसा तापानं गेली, तवर गावात पंचनामे सुरू झालते. आम्ही म्हणलं, पोरगी जगली का मेली. दर वर्साला जत्रंत कुणीतरी काढायचंच तुजं नाव.”

वेणूताईंचा आवाज मला कष्टानंच ऐकू आला. “गोदाक्का, त्या दाराच्या आत काय होतं?”

“आत? आत काय असतंय? जातं हुतं, उजव्या हाताला. तुमच्यात जातं न्हवतं, मग तुजी आई आमच्यात दळाय यायची. तू उंबऱ्याम्होरं उभी ऱ्हायाचीस, येणीचा शेंडा चघळत. ‘आत ये’ म्हणलं तरी यायची न्हाईस. आत अंधार, म्हणून भ्यायचीस.” गोदाक्कानं नाक पुसलं. “हौसा आतनं गाणं म्हणायची, तुला बाहीर ऐकू यावं म्हणून.”

वेणूताई बापूसाहेबांकडं वळल्या. त्या हसत होत्या आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

“बापूसाहेब,” त्या म्हणाल्या, “मी पाहिलंय.”

आणि त्यांनी हात वर केला.

इस्माईलभाईंनी डब्याचं झाकण ठोकून बसवलं तो आवाज मला वर ऐकू आला. खडूच्या रेघा मात्र त्यांनी पुसल्या नाहीत. कुणी तसं सांगितलं नाही. पाकोळी पुढं विकली गेली. त्या इमारतीत आता कपड्यांचं दुकान आहे, पण जिना तोच आहे. चढताना डाव्या हाताला सहा आकडे दिसतात. मधूनमधून कुणीतरी लिहितं, की पाकोळीचे स्वतंत्र चित्रपट सहाच, आणि ‘पाण्याखालचं ऊन’ त्यांत धरता येत नाही. बरोबरच आहे. मी कुणाशी वाद घालत नाही.

त्या दिवशी जेवणं झाली, पानं झाली, आणि माणसं बसमध्ये चढली. वेणूताईही चढल्या. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. गोदाक्कानं माझी सीट त्यांना दिली आणि मला मागं पिटाळलं. वाटेत बुडालेल्या गावाच्या गल्ल्या सांगून झाल्या: कोण कुणाच्या शेजारी राहायचं, कुणाची विहीर खारी, कुणाची म्हैस मारकी. वेणूताई ऐकत होत्या आणि मधूनच पुढचं नाव स्वतःच सांगत होत्या, आणि मग दचकून गप्प बसत होत्या.

गावात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. उसाला पाणी सोडलं होतं, आणि सऱ्यांतल्या पाण्यावरून उडालेला उजेड घरांच्या भिंतींवर हलत होता. गोदाक्काचं घर सिमेंटचं, पत्र्याचं, चारचौघांसारखं. पण आम्ही वळसा घालून पुढं आलो आणि वेणूताई जागच्या जागी थांबल्या.

“वासं, तुळया, दारं, जेवढं निघंल तेवढं काढून आणलं हुतं आम्ही,” गोदाक्का म्हणाली. “बैलगाडीतनं.”

दार खालून अर्धं हिरवं होतं. वर निळं. रंग विटून दोन्ही फिके झाले होते, पण मधली रेघ ब्रश थांबला तिथंच थांबली होती.

“कधी पुरं नाही केलं?” मी विचारलं.

“सासऱ्यानं हातात घेतलेलं,” गोदाक्का म्हणाली. “दुसऱ्यानं कसं पुरं करायचं?”

तिनं कडी काढली आणि दार आत ढकललं. आत अंधार होता. उजव्या हाताला खरंच जातं होतं, वर पालथं घातलेलं सूप. वेणूताई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. वेणी तोंडात होती. हलतं ऊन त्यांच्या पाठीवरून, दारावरून, पुन्हा त्यांच्या पाठीवर येत होतं.

गोदाक्का आत गेली आणि अंधारातूनच तिचा आवाज आला.

“आत ये की गं. अशी काय उभारलीस?”